बांधून ठेवलेली लाल पेन्सिल

नेदरलँड्समध्ये सरकार पाडायला आणि बसवायला जे अधिकृत शस्त्र लागतं ते वीतभर लांब, लाकडी आणि लाल आहे. बऱ्याच ठिकाणी ते दोरीनं नाहीतर बारीक साखळीनं टेबलाला बांधलेलं असतं. डच माणसाचा लोकशाहीवर पूर्ण विश्वास आहे, पण दिलेली पेन्सिल परत मिळेल यावर नाही.

ही पेन्सिलबाई वर्षातून एखादा दिवस, फार तर दोन दिवस कामावर येते. तो दिवस बहुधा बुधवार असतो. शाळेचा व्यायामाचा हॉल, चर्च, वाचनालय, रेल्वे स्थानक, एखादी जुनी पवनचक्की, जिथे सांगतील तिथे हजर. सकाळी साडेसात ते रात्री नऊ ड्युटी. मधे चहा नाही, बदली नाही. शेकडो हातांतून जाते आणि कुणाच्या हातून काय झालं ते कुणालाही सांगत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिनं एकही गुपित फोडलेलं नाही, आणि ही गोष्ट तिच्या प्रतिस्पर्ध्याबद्दल म्हणता येत नाही. त्याच्याकडे आपण येऊच.

गंमत म्हणजे जिच्या जोरावर हे सगळं चालतं तिचं नाव ज्या कलमात यायला हवं तिथे येतच नाही. डच निवडणूक कायदा मतदाराला एवढंच सांगतो की आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावापुढचा पांढरा ठिपका लाल करावा. कशानं, ते नाही. लिपस्टिकनं केला तरी कायद्याच्या त्या ओळीला हरकत नसावी. पण केंद्रात निळ्यानं केला तर मत बाद. हिरव्यानं केला, बाद. काळ्या छपाईवर लाल रंग उठून दिसतो आणि मोजणाऱ्याच्या दमलेल्या डोळ्यांना रात्री दोन वाजताही चटकन सापडतो, हे त्यामागचं सरळ कारण. ठिपका अर्धा रंगवला तरी चालतो, जरा बाहेर गेला तरी चालतो. मताचा अर्थ स्पष्ट हवा आणि मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नको, एवढीच पेन्सिलबाईंची अट. सही केलीत की संपलं. हात चुकला तर खोडाखोड करायची नाही. पत्रिका परत करायची, दुसरी मिळते, पण एकदाच. बाई शिस्तीच्या आहेत, खडूस नाहीत.

तिच्यासमोर जो कागद पसरलेला असतो तो मात्र पाहण्यासारखा. अख्खा देश एकच मतदारसंघ असल्यासारखा मोजला जातो, संसदेच्या खालच्या सभागृहात १५० जागा, आणि पाऊण टक्क्याहूनही कमी मतांवर एक जागा मिळते. मग कोण मागे राहील? २०२१ साली ३७ पक्ष होते आणि दीड हजारांवर उमेदवार. प्राण्यांसाठी पक्ष, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी पक्ष, शेतकऱ्यांसाठी पक्ष, आणि ज्यांचं कशातच कुणाशी पटत नाही त्यांच्यासाठी बाकीचे सगळे. नव्या पक्षाला ११,२५० युरो अनामत भरावी लागते, तरी उत्साह ओसरत नाही. एवढी नावं छापायची म्हणजे पत्रिका पंगतीला अंथरायच्या पट्टीएवढी होते. त्या अरुंद आडोशात ती उलगडायची, आपला माणूस शोधायचा, ठिपका रंगवायचा आणि मग मूळच्या घड्या आठवून ती परत मिटवायची. रंगवायला पाच सेकंद लागतात, घडी घालायला दोन मिनिटं. आत गेलेला आजोबा बराच वेळ बाहेर आला नाही तर तो राजकीय पेचात नसतो, घडीत अडकलेला असतो. अलीकडे काही नगरपालिकांत लहान पत्रिकेचे प्रयोग सुरू आहेत. त्यात पक्षाचा ठिपका वेगळा आणि उमेदवाराच्या क्रमांकाचा वेगळा रंगवायचा. पेन्सिलबाईंना दोनदा वाकावं लागतं, पण कागद खिशात मावेल इतका होतो.

आता प्रतिस्पर्धी.

डच कायद्यानं मतदान यंत्रांना १९६५ सालीच दार उघडून दिलं होतं. पुढे पूर्वेकडच्या ग्रूनलो या गावातल्या नेडॅप नावाच्या कंपनीनं तो धंदा हातात घेतला. कंपनी जुनी आणि नावाजलेली. गाईंच्या गळ्यात इलेक्ट्रॉनिक ओळखपट्टा बांधून कुठली गाय किती चारा खाते ते टिपणारी यंत्रणाही तिचीच. गाय ओळखण्याचा आणि मतदार न ओळखण्याचा असे दोन्ही उद्योग एकाच छपराखाली! नेडॅपचं यंत्र दिसायला ऐटबाज होतं: उतरता रुंद फलक, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं, बोटानं दाबायची बटणं, वरच्या बाजूला छोटासा पडदा. रात्री नऊला मतदान संपलं की सव्वानऊला निकालाची पट्टी बाहेर. मोजणीला बसणाऱ्यांची झोप वाचली. २००६ पर्यंत देशातली साधारण नव्वद टक्के मतं या यंत्रांतून जात होती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नगरपालिकांच्या निवडणुकीत आम्स्टरडॅमनंही दुसऱ्या एका कंपनीची यंत्रं आणून पेन्सिलीला निरोप दिला.

तिथे माशी शिंकली. आम्स्टरडॅममध्ये रॉप गोंगग्राइप नावाचा गृहस्थ राहत होता. नव्वदीच्या सुरुवातीला सामान्य डच माणसाला इंटरनेट पोचवणारी ‘एक्सएसफोरऑल’ ही कंपनी उभी करणाऱ्यांपैकी तो एक, आणि त्याआधी हॅकर मंडळींचं मासिक काढणारा. म्हणजे संगणकाची भीती वाटणारा माणूस नव्हे. त्यानं नि त्याच्या मित्रांनी एक मोहीम काढली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आमचा मतसंगणकांवर विश्वास नाही’. इतकं सरळ नाव डचच देऊ जाणे. आपल्याकडे ‘लोकशाही बचाव संघर्ष समन्वय समिती’ झाली असती.

यंत्राच्या पुरवठादाराकडून सांगण्यात येत होतं की हे काही संगणक नव्हे, हे फक्त मतं मोजणारं उपकरण. याच्यावर बुद्धिबळ खेळून दाखवा पाहू. हॅकर माणसाला असं काही सांगू नये. ऑक्टोबर २००६ मध्ये मंडळींनी एक नेडॅप यंत्र मिळवलं, उघडलं आणि आतला प्रोग्रॅम बदलून त्यावर बुद्धिबळ खेळून दाखवलं. आत बसलेला प्रोसेसर पहिल्या मॅकिंटॉशमध्ये होता तोच, मोटोरोला ६८०००. मग त्याच यंत्राला मतं चोरायलाही शिकवलं. आतल्या स्मृतीच्या चिपा बदलायला काही मिनिटं पुरेशी होती. यंत्राला कुलूप होतं, पण सगळ्या यंत्रांना एकच किल्ली, आणि ती किल्ली युरोभरात बाजारातून मागवता येत होती. हे सारं दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलेला देश चमचा हातात धरून थांबला.

पण माझ्या मते मोहिमेच्या अहवालातला सर्वांत सुंदर भाग चोरीचा नव्हे, गुपित फुटण्याचा आहे. यंत्राच्या पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी साध्या उपकरणानं काही मीटर अंतरावरून पकडता येत होत्या. त्या काळी सत्तेवर असलेल्या ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या पक्षाच्या नावातला शेवटचा शब्द ‘अपेल’, आणि त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ असते. असं अक्षर पडद्यावर आलं की पडदा ताजा होण्याची गती सेकंदाला ७२ वेळांवरून ५८ वेळांवर घसरत असे. म्हणजे बाहेर रेडिओ घेऊन बसलेल्याला कळणार, आतल्या माणसानं पंतप्रधान बाल्केनेंडे यांच्या पक्षाला मत दिलं! लाखो युरोंच्या यंत्रणेची गुप्तता एका मात्रेवर गेली. शुद्धलेखनाचे आग्रही लोक आपल्याकडे फार आहेत; त्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं.

पुढचं सरकारी प्रकरण आहे, ते भराभर सांगतो. आम्स्टरडॅमची ती दुसऱ्या कंपनीची यंत्रं तर आणखी बोलकी निघाली. गुप्तचर खात्यानं तपासलं, कित्येक मीटरवरून मत ऐकू येतं म्हणाले, आणि ऑक्टोबर संपता संपता मंत्र्यांनी त्यांची मान्यता रोखली. निवडणूक २२ नोव्हेंबरला. तीन आठवड्यांत राजधानीला गोदामातून पेन्सिली काढाव्या लागल्या. २००७ मध्ये एका चौकशी समितीनं या फाइलीला आईबापच नव्हते अशा अर्थाचा ठपका ठेवला, दुसऱ्या समितीनं कागदाकडे परत जायचा मार्ग दाखवला, आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी अल्कमारच्या न्यायालयानं नेडॅप यंत्रांची मान्यता रद्दबातल ठरवली. मे २००८ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: कागद आणि लाल पेन्सिल. निवृत्त झालेली बाई मानधनावर नव्हे, पूर्ण पगारावर परत आली.

शेजारच्या घरांतही या यंत्राचं नशीब असंच निघालं. आयर्लंडनं नेडॅपची सात हजारांवर यंत्रं घेतली, ५ कोटी युरोंहून जास्त घालवले, २००२ मध्ये तीन मतदारसंघांत चाचणी घेतली आणि नंतरची वर्षं ती गोदामात ठेवायचं भाडं भरलं. २०१२ साली सगळा ढीग ७०,००० युरोंना भंगारात गेला. जर्मनीत एका बापलेकानं दावा लावला आणि ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २००५ च्या निवडणुकीतला यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. निकालाचा गाभा असा: मतदान आणि मोजणीतली प्रत्येक महत्त्वाची पायरी सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळता आली पाहिजे.

नीट पाहिलं तर या सगळ्या प्रकरणात एक गोष्ट कुणीच सिद्ध केली नाही: नेडॅपच्या यंत्रानं अमुक एक सार्वत्रिक निवडणूक चोरली. तसा आरोपही मोहिमेनं केला नव्हता. यंत्र घरी गेलं ते गुन्हा शाबीत झाला म्हणून नव्हे, स्वतःचं निर्दोषत्व दाखवता आलं नाही म्हणून. दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानलं जाण्याचा हक्क माणसाला आहे. यंत्रानं तो मागू नये. माझ्या लेखी हा सगळा वाद एवढ्यावर तोलला जातो: पुरावा कुणी द्यायचा?

इथे आमच्या मराठी मंडळींचा विषय काढावाच लागेल. आम्स्टेलव्हेन, आइंडहोव्हन, हेग इथे आता इतके मराठी लोक आहेत की गणपतीत आरतीनंतर दोन गट सहज पडतात. बहुतेक सॉफ्टवेअरमधले. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं सलग कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसालाही नगरपालिकेला मत देता येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्ट खिशात ठेवूनही लाल पेन्सिल हाती येते. उलट त्याच माणसाला कोल्हापूरला मत द्यायचं असेल तर नाव नोंदवून ठेवता येतं, पण मत टाकायला स्वतः विमानानं जावं लागतं. म्हणजे या लोकांनी दोन्ही पाणी चाखलंय, आणि म्हणून त्यांचं मत ऐकून घेण्याखेरीज गत्यंतर नसतं.

पहिला पक्ष म्हणतो, अहो, सगळा पगार फोनवर येतो, घराचं कर्ज फोनवर फिटतं, मग मतच काय एवढं सोवळं? हा युक्तिवाद ऐकायला फार गोड आहे आणि तितकाच कच्चा. बँकेला तुम्ही कोण ते ठाऊक असतं. दर व्यवहाराची नोंद तुमच्या नावावर असते, चूक झाली तर पासबुक उघडून भांडता येतं. मताचं उलटं. ते तुमचंच आहे हे कुणालाही कळता कामा नये, आणि तरी ते मोजलं गेलं याची तुम्हाला खात्री हवी. नाव काढून टाकून हिशेब चोख ठेवायचा, हे गणित बँकेला कधी करावंच लागत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, सोर्स कोड खुला करा, सगळं पारदर्शक होईल. होईल की, पण टेबलावर ठेवलेल्या डब्यात तोच कोड चालू आहे, हे कोणी बघायचं? डबा उघडणारा दुसरा डबा आणणार, त्या डब्याचं काय? तिसरा पक्ष ब्लॉकचेन म्हणतो आणि त्याला प्रसादाचं ताट फिरवायला पाठवतात. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘सगळं क्लाउडवर न्या’ म्हणून सांगणारे हे लोक मतदानाचा विषय निघाला की एकदम सनातनी होतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मला वाटत नाही. स्वयंपाक करणाराच हॉटेलात जेवायला कचरतो.

पण बाईंचे दोष झाकून ठेवले तर हे चित्र खोटं ठरेल. बाई अत्यंत संथ आहेत. एक कोटीवर मतं, सुमारे दहा हजार केंद्रं, प्रत्येक ठिकाणी माणसं रात्रभर कागद उलगडत बसतात. दमलेला माणूस चुकतो, ढीग इकडचे तिकडे होतात, फेरमोजणी लागते. अंध मतदाराला ती पट्टीएवढी पत्रिका एकट्यानं भरणं अवघड. गुप्ततेसाठी आणलेल्या साधनानं त्याचीच गुप्तता जाते, आणि पेन्सिलीचे भक्त या मुद्द्यावर नेहमी घाईनं पुढे जातात. २०१३ साली एका समितीनं मधला मार्ग सुचवला होता: यंत्रानं फक्त मत छापून द्यावं आणि दुसऱ्या यंत्रानं ते कागद मोजावेत. तो पुढे प्रत्यक्षात आला नाही.

शिवाय पेन्सिल साधी असली तरी तिच्या मागच्या खोलीत संगणक होताच. जानेवारी २०१७ मध्ये पत्रकारांनी उघड केलं की केंद्राकेंद्रांच्या आकड्यांची बेरीज करणारं सॉफ्टवेअर जुनाट नि ढिलं आहे. परदेशी हस्तक्षेपाची चर्चा तेव्हा ऐन रंगात. मंत्री रोनाल्ड प्लास्टर्क यांनी १५ मार्चच्या निवडणुकीत बेरीजही हातानंच करा असं फर्मान काढलं; नंतर थोडी ढील दिली. आता निवडणूक परिषदेनं ‘अबॅकस’ नावाचं सॉफ्टवेअर हाती घेतलंय, त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला. बेरीज यंत्रानं केली तरी हरकत नाही, कारण मागे कागद आहे आणि केंद्राकेंद्राचे आकडे जाहीर आहेत. कुणालाही वही घेऊन बसता येतं.

मार्च २०२१ हा पेन्सिलीच्या आयुष्यातला सोन्याचा काळ. कोरोनामुळे मतदान तीन दिवस, १५ ते १७, आणि एकमेकांच्या हाताळलेल्या पेन्सिलीची भीती. मग मतदारांना पेन्सिली वाटल्या, घरी नेण्यासाठी. दोरी सुटली! इतक्या वर्षांची बांधलेली बाई लाखो घरांत गेली आणि मुलांच्या चित्रकलेच्या डब्यात मिसळली.

आणि कस लागला तो २९ ऑक्टोबर २०२५ च्या संसदीय निवडणुकीत. रॉब येटन यांचा डी६६ आणि खेर्ट विल्डर्स यांचा पीव्हीव्ही, दोन्ही पक्षांच्या जागा २६-२६. एक कोटी मतांत दोघांतलं अंतर तीस हजारांच्या आसपास. त्यात एका गावी मोजणी चालू असताना नगरभवनाला आग लागली. परदेशातून टपालानं आलेली मतं शेवटी मोजायची. समाजमाध्यमांवर ‘गडबड आहे’ची कुजबुज अर्थातच उठली, ती पेन्सिल असली तरी उठते आणि यंत्र असलं तरी उठते. फरक पुढे पडतो. इथे मोजणी बघायला कुणालाही जाता येतं, पक्षाचा बिल्ला लागत नाही. नगरपालिका म्हणते, या आणि बघा. कुजबुजणाऱ्यांपैकी फार थोडे जातात, पण दार उघडं असल्यामुळे आवाज आपोआप खाली येतो.

तर मग मराठी वाचक विचारील, आमच्याकडेही आणावी काय ही पेन्सिल? थांबा. आपल्या यंत्राची कुळकथा वेगळी आहे, आणि तिच्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. भारतीय ईव्हीएमचं बाह्यरूप घडलं पवईला, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी ते घडवलं. बनवतात बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. १९८२ मध्ये केरळातल्या परूरला ५० केंद्रांवर पहिल्यांदा वापरलं आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या केंद्रांवरचं मतदान रद्द केलं, कारण कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. मग कायदा बदलला. डचांनी आधी कायदा केला आणि नंतर यंत्र तपासलं. आपण आधी यंत्र आणलं आणि नंतर कायदा.

आपलं यंत्र का आलं, हे विसरून चालणार नाही. कागदाच्या काळात केंद्रं ताब्यात घेऊन गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारले जात. ईव्हीएम मिनिटाला चारापेक्षा जास्त मतं घेत नाही, त्यामुळे लुटारूलाही रांगेत उभं राहावं लागतं. आडोशात पेन्सिल सुखरूप राहते ती आडोशाबाहेरचा समाज तिला हात लावत नाही म्हणून. ती सवय डचांनी पेन्सिलीबरोबर फुकट दिली असती तर घ्यायला हरकत नव्हती.

आणि तरी शंका विचारणाऱ्याला आपण कसं वागवलं ते पाहा. २०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेचे ॲलेक्स हाल्डरमन आणि आपले तेच आम्स्टरडॅमचे गोंगग्राइप यांनी एक खरं भारतीय यंत्र मिळवून दाखवलं की आतला आकडे दाखवणारा भाग बदलून निकाल फिरवता येतो. हे यंत्र मुंबईतल्या सरकारी कोठारातून, जुन्या कस्टम हाउसमधून, गेलेलं होतं. त्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादला जाऊन हरिप्रसाद यांना अटक केली, आठवडाभरानं जामीन मिळाला. चोरीचा तपास व्हायलाच हवा. पण कोठारातून यंत्र बाहेर जाऊ शकतं, हीच तर त्या संशोधनाची पहिली सिद्धता होती, आणि तिची उलटतपासणी फौजदारानं केली. पुढे जून २०१७ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना आव्हान दिलं, या आणि छेडछाड करून दाखवा. राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट असे दोनच पक्ष आले, आणि दोघांनीही यंत्राला हात न लावता ते फक्त समजून घेतलं. आयोगाचं म्हणणं असं की यंत्र कुठल्याही जाळ्याला जोडलेलं नाही आणि प्रत्यक्ष निवडणुकीत छेडछाड कुणी सिद्ध केलेली नाही. दोन्ही गोष्टी मान्य. पण इथे पुरावा आरोप करणाऱ्यानं द्यायचा आहे, आणि डचांनी तोच भार उलटा टाकला होता.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं हा भार आपल्या डोक्यावर घ्यायचं ठरवलं. गावातली मतांची आकडेवारी पटेना, म्हणून ३ डिसेंबरला कागदावर प्रतीकात्मक मतदान घ्यायचं. गंमत अशी की त्यांचा उमेदवार, उत्तम जानकर, निवडून आलेला होता. गावाचा आक्षेप जिंकण्याला नव्हता, गावातल्या आकड्याला होता. प्रशासनानं जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही. कायदेशीर दृष्ट्या त्या मतदानाला कवडीची किंमत नव्हती, हे खरं. लोकांनी उघड सांगितलेलं मत गुप्त मताशी ताडून पाहता येत नाही, हेही खरं. मग होऊ दिलं असतं तर बिघडलं काय असतं? गावात पोलीस आले नसते तर मारकडवाडीचं नाव माळशिरस तालुक्याबाहेर गेलं नसतं.

सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ रोजी कागदी मतपत्रिकेकडे परतायला नकार दिला, आणि मला तो निकाल तेवढ्यापुरता पटतो. ६४ कोटी लोक मत टाकतात अशा देशात पेन्सिलबाई एका रात्रीत काम उरकतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. पण आपल्याकडे कागद आहेच. २०१३ पासून हळूहळू आलेल्या व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. अशा कोट्यवधी चिठ्ठ्या छापतो, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या मोजतो. छापायचं नि मोजायचं नाही, ही कुठली रीत? २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. अशा चुरशीच्या ठिकाणी सगळ्या चिठ्ठ्या मोजायला एक दिवस जास्त गेला तर जाऊ दे. आमदार पाच वर्षं बसतो, खासदारही. यंत्र राहू द्या, पण हरलेल्याला मोजून दाखवायचा भार जिंकवणाऱ्या यंत्रणेवर टाका.

तोवर वाचकाच्या हातातलं एक काम सांगतो, त्याला ना हॅकर लागतो ना वकील. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाला नमुना १७-सी भरावा लागतो, त्यात यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली तो आकडा असतो, आणि त्याची प्रत प्रत्येक उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला मिळायची असते. पुढच्या निवडणुकीत संध्याकाळी आपल्या केंद्रावरचा प्रतिनिधी, कुठल्याही पक्षाचा असो, ती प्रत घेतल्याशिवाय जेवायला घरी गेला नाही ना, एवढं बघा.